कोलोनोस्कोपीचा तुकडा कुठे पडतो: एका परिचारिकेच्या उच्चाराचं प्रकरण

प्रसंग ओईटी, म्हणजे परदेशी जाणाऱ्या परिचारिका-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाचा. रुग्णाला मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितलेली, घरात एकाला कर्करोग होऊन गेल्यामुळे तो धास्तावलेला. परिचारिकेनं पाच मिनिटांत त्याला समजवायचं की तपासणी कशासाठी आहे, आदल्या दिवशी काय खायचं, पोट साफ करायचं औषध कसं घ्यायचं, सोबत कुणाला आणायचं. रुग्णाची भूमिका करत होत्या व्हिडिओ कॉलवरच्या एक निवृत्त इंग्रज वॉर्ड सिस्टर. मी बाजूला बसून ऐकत होते.

आमच्या सिस्टरनी, म्हणजे परीक्षा देणाऱ्या परिचारिकेनं, सुरुवात चांगली केली. नाव सांगितलं, बसायला सांगितलं, भीती ओळखून दोन धीराचे शब्द बोलल्या. पण ज्या शब्दावर सगळं संभाषण उभं होतं, तो आला की समोरून ‘सॉरी?’ यायचं. तिसऱ्यांदा त्यांनी तोच शब्द आणखी मोठ्यानं, आणखी सावकाश, तोडून तोडून म्हटला: को-लो-नो-स्को-पी. गोंधळ आणखी वाढला. नंतर त्या इंग्रज बाईंनी सांगितलं की त्यांना आधी ‘कोला’ ऐकू आलं आणि मग ‘नो’. खाण्यापिण्याचं बोलणं चाललं होतं, त्यामुळे तपासणीआधी कोला प्यायचा नाही असं काहीतरी सांगताहेत, असं त्या धरून चालल्या होत्या.

या सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेल्या, शल्यचिकित्सेच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या. मध्यरात्री एकटीनं वॉर्ड सांभाळणाऱ्या. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी तिथली नर्सिंग परिषद ओईटीच्या वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्ही भागांत ३५० आणि लेखनात ३०० गुण मागते. बाकी तीन भागांत त्यांचे गुण पुरेसे होते. संभाषणात ३३० वर अडकल्या होत्या. त्यांच्या समजुतीनं अडचण व्याकरणाची होती, म्हणून काळांचे तक्ते पाठ करणं चाललं होतं.

गुण फक्त उच्चाराला नसतात हे खरं. ओघ, शब्दांची निवड, व्याकरण, रुग्णाशी वागण्याची रीत, सगळं मोजलं जातं. पण या परीक्षेत समोर बसून रुग्ण होणारी व्यक्ती गुण देतच नाही. संभाषणाचं ध्वनिमुद्रण होतं आणि परीक्षक नंतर ते ऐकतात. त्यांना तुमचा चेहरा, हातवारे, पोटाकडे दाखवलेलं बोट काही दिसत नाही. वॉर्डात आपल्या निम्म्या चुका हातवारे झाकून घेतात. ध्वनिमुद्रणात ती सोय नाही, आणि रात्री फोनवरून डॉक्टरांना रुग्णाची अवस्था कळवताना तर नाहीच नाही.

नेमकं काय बिघडलं होतं

त्यांच्याकडून मी शब्दांची एक यादी वाचून घेतली आणि ध्वनिमुद्रित केली. पेन, ड्रिप, स्वेलिंग, ब्लीडिंग असे छोटे शब्द पहिल्या फटक्यात कळत होते. त्यांचा ‘ट’ आपला मूर्धन्य होता, ‘थ’ही आपलाच होता, पण त्यानं कुणाचं अडत नव्हतं. मराठी माणसाच्या इंग्रजीवर बोलताना लोक या सुट्या वर्णांवरच फार वेळ घालवतात. माझ्या मते तो वेळ बराचसा वाया जातो. खरी पडझड चार अक्षरांपासून पुढे सुरू होत होती. अक्षर म्हणजे इथे छापलेलं अक्षर नव्हे, एका झटक्यात तोंडातून निघणारा ध्वनीचा तुकडा. कार्डिऑलॉजी, अपेंडिसेक्टमी, ब्रॉन्कोस्कोपी, ट्रेकिऑस्टमी अशा प्रत्येक शब्दात त्या सगळी अक्षरं सारख्या लांबीची, सारख्या वजनाची म्हणत होत्या. आणि नीट ऐकलं तर अर्थाच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक छोटा धक्का होता: कोलोनो, मग स्कोपी. कार्डिओ, मग लॉजी.

हा धक्का कुठून आला ते त्यांची जुनी वही पाहिल्यावर कळलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी वैद्यकीय परिभाषा शिकवतात ती फोडून: कार्डिओ म्हणजे हृदय, लॉजी म्हणजे शास्त्र; एन्डो म्हणजे आत, स्कोपी म्हणजे पाहणं; कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. प्रत्येक शब्दात तिरक्या रेघा मारून तुकडे केलेले, शेजारी पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेला. पद्धत उत्तम आहे. या सिस्टरना कधी न पाहिलेला शब्द दिला तरी त्या अर्थ बरोबर सांगत. पण अर्थासाठी मारलेली रेघ त्यांच्या जिभेनंही पाळली होती.

इंग्रजी उच्चारात शब्द त्या रेघेवर तुटत नाही. एन्डो आणि स्कोपी यांचा सांधा ‘ओ’नंतर आहे. पण बोलताना तो सांधा पार बुजतो: एन्-डॉस्-क-पी. मधलं अक्षर अर्ध्या पहिल्या तुकड्याचं आणि अर्ध्या दुसऱ्याचं, आणि नेमकं तेच सगळ्यात ठळक. ‘स्कोपी’मधला ‘स’ उडी मारून अलीकडे आला आणि उरलेल्या ‘को’चा नुसता ‘क’ झाला. कोलोनोस्कोपीचं तसंच: कॉ-ल-नॉस्-क-पी. कार्डिओ आणि लॉजी जोडले की कार्-डि-ऑ-ल-जी. पित्ताशय काढण्याचा तो लांबलचक शब्द कॉ-लि-सिस्-टेक्-ट-मी, म्हणजे ‘सिस्ट’मधला ‘ट’ तोडून पुढच्या ‘एक्’ला चिकटला. जोडणारा जो ‘ओ’ आपल्याला नुसता चुना-सिमेंट वाटतो, त्याच्यावरच बहुतेक वेळा शब्दाचा सगळा भार येतो.

सारख्या वजनानं बोलल्यावर इंग्रज कानाला ‘कोला, नो’ का ऐकू येतं, याचंही चांगलं उत्तर आहे. ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये दाखवलं की इंग्रजी ऐकणारा माणूस ठळक अक्षर आलं की बहुधा इथून नवा शब्द सुरू झाला असं धरतो. त्यांनी ‘मिंटेफ’ आणि ‘मिंटश’ यांसारखे निरर्थक शब्द ऐकवले आणि त्यांत दडलेला ‘मिंट’ ओळखायला सांगितला. दुसरं अक्षर ठळक असलं की ‘मिंट’ सापडायला जास्त वेळ लागायचा, कारण कान ‘मिन्’वर शब्द तोडून ‘टेफ’ वेगळा काढत होता. आमच्या सिस्टर पाचही अक्षरं ठळक म्हणत होत्या. ऐकणारीला त्यात पाच शब्दांच्या सुरुवाती मिळत होत्या. त्यांनी शब्द आणखी तोडला तशी ती आणखी हरवली ती याचमुळे. आपल्याकडे कुणाला कळलं नाही की आपण सावकाश, फोडून सांगतो. मराठीत ते चालतं, कारण मराठीत आघात, म्हणजे कुठलं अक्षर ठळक म्हणायचं ते, बदलला म्हणून शब्द बदलत नाही. इंग्रजीत शब्द फोडला की त्याची ओळखच जाते.

शेवटाकडून मोजायचं

कामाला सुरुवात केली ती एकाच सवयीपासून: लांब वैद्यकीय शब्द दिसला की सुरुवातीकडे पाहायचं नाही, शेपटीकडे पाहायचं. आघात कुठे येणार हे शेपूट ठरवतं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘मूल’ शब्दाला ‘ला’ लागला की ‘मुलाला’ होतं, ‘दूध’चं ‘दुधात’, ‘वीट’चं ‘विटेवर’. प्रत्यय लागतो शेवटी, पण बदल होतो शब्दाच्या पोटात. दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत शेपूट बदललं की आघात सरकतो आणि त्याबरोबर पोटातले स्वर बदलतात. हे सांगितल्यावर सिस्टरचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘म्हणजे ते शब्द बेशिस्त नाहीत मॅडम,’ त्या म्हणाल्या. कॉलेजात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इंग्रजी उच्चाराला नियमच नसतो, पाठ करायचं. वैद्यकीय शब्दांच्या बाबतीत हे फार चुकीचं आहे. रोजच्या छोट्या इंग्रजी शब्दांपेक्षा हे लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्दच जास्त शिस्तीचे आहेत.

पहिला मोठा गट लॉजी, ग्राफी, स्कोपी, टमी, स्टमी, पथी, मेट्री या शेपटांचा. यांत आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर. न्यू-रॉ-ल-जी, म-मॉ-ग्र-फी, हिस्-ट-रेक्-ट-मी, क-लॉस्-ट-मी, न्यु-रॉ-प-थी. शब्द कितीही लांब असो, गणित तेच. गॅस्-ट्रो-एन्-ट-रॉ-ल-जी सात अक्षरांचा. कान-नाक-घसा शास्त्राचं पूर्ण नाव ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलजी नऊ अक्षरांचं, तरी मुख्य भार शेवटून तिसऱ्या ‘गॉ’वरच. इतक्या लांब शब्दात सुरुवातीकडे एखादा हलका आघात आणखी असतो, गॅस्ट्रोमध्ये तो ‘गॅस्’वर. पण मुख्य जागा सापडली की तो बहुधा आपोआप पडतो, म्हणून त्याच्या मागे आम्ही लागलो नाही.

दुसरा गट आयटिस, ओसिस, ओमा यांचा. इथे आघात शेवटून दुसऱ्यावर: हे-प-टाय-टिस, ट्यु-बर्-क्यु-लो-सिस, कार्-सि-नो-मा. ‘इक’ शेपूट असलं की त्याच्या लगेच आधी: ॲन्-टि-बाय-ऑ-टिक, डाय-अ-बे-टिक.

इथे सिस्टरनी एक अवघड प्रश्न विचारला. ॲनिमियात आघात शेवटून तिसऱ्यावर आणि कार्सिनोमात शेवटून दुसऱ्यावर, असं का? शेपटांची यादी पाठ केली तर या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि आपण ते शाळेत वेगळ्या नावानं शिकलेलो असतो. लॅटिनचा नियम असा: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर एक पाऊल मागे, तिसऱ्यावर. गुरू म्हणजे दीर्घ स्वराचं किंवा पुढे जोडाक्षर आलेलं. वृत्तं शिकताना आपण ‘संयोगापूर्वीचं अक्षर गुरू’ म्हणत लगक्रम लावायचो, तेच. कार्सिनोमात ‘नो’ दीर्घ, म्हणून आघात तिथेच. ॲनिमियात शेवटून दुसरा ‘मि’ लघू, म्हणून आघात मागच्या ‘नी’वर: अ-नी-मि-आ. प्लसेंटात ‘सें’पुढे जोडाक्षर आहे, म्हणून प्ल-सेन्-टा. अपेंडिक्सही तसंच, अ-पेन्-डिक्स. अन्ननलिकेचा ईसॉफगस: ‘फ’ लघू, म्हणून ई-सॉ-फ-गस. गर्भाशयाचा यूटरस: ‘ट’ लघू, यू-ट-रस.

आणि कशेरुकेचं व्हर्-टि-ब्रा. पुढे ‘ब्र’ हे जोडाक्षर असूनही ‘टि’ गुरू होत नाही, कारण ‘ब्र’ एका दमात पुढच्या अक्षरात जातो, मागच्यावर रेलत नाही. आपल्याकडे ‘तुझ्या’ शब्दात ‘झ्या’ जोडाक्षर असून ‘तु’ लघूच धरतात, कारण त्याचा भार ‘तु’वर पडत नाही. लगक्रम लावलेल्या मराठी माणसाला लॅटिनचा हा अपवादसुद्धा समजावून सांगावा लागत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. परदेशी पाठ्यपुस्तकं गिरवत बसण्यापेक्षा ही आपली शिदोरी वापरणं केव्हाही बरं.

अर्थात लॅटिनमध्ये कोणता स्वर दीर्घ होता ते इंग्रजी स्पेलिंग पाहून कळत नाही. म्हणून नियम ‘का’ या प्रश्नाला उपयोगी, आणि रोजच्या कामाला शेपटं. शिवाय काही शब्द कुठल्याच नियमाला बधत नाहीत. बायोप्सीत ‘प्स’मुळे मधलं अक्षर गुरू व्हायला हवं, तरी आघात पहिल्यावर: बाय-ऑप्-सी. ए-पि-लेप्-सी तसंच. प्लास्टी, ग्राम आणि स्कोप ही शेपटं तर आघात पार शब्दाच्या सुरुवातीकडे ढकलून देतात. त्यामुळे एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या जागी ठळक होतात: ॲन्-जि-ओ-ग्राम, ॲन्-जि-ओ-प्लास्-टी, पण ॲन्-जि-ऑ-ग्र-फी. एन्-ड-स्कोप हे यंत्र, एन्-डॉस्-क-पी ही तपासणी. भूल देण्याच्या घरात तर तिघं तीन तऱ्हेचे. भूलतज्ज्ञ अ-नीस्-थ-टिस्ट, भुलीचं औषध ॲ-नस्-थे-टिक, भूल स्वतः ॲ-नस्-थी-झि-आ. सिस्टर हे तिन्ही शब्द ‘अनॅस्थे’ असे एकाच ठोक्यानं सुरू करत होत्या. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणी-यादीत तिन्ही एकाच पानावर येतात, त्यामुळे यांवर आम्ही बराच वेळ दिला.

मोजणाऱ्या यंत्रांचा गट त्यांना सर्वांत अवघड गेला, कारण तो मराठीतच पक्का बसलेला आहे. आपण थर्मामीटर म्हणतो, आणि कोविडमध्ये घराघरांत ऑक्सिमीटर आलं. इंग्रजीत लांबी मोजायच्या एककांत ‘मीटर’ शाबूत राहतो, सेंटिमीटर, मिलिमीटर. उपकरणात मात्र त्याचा पार चुरा होतो आणि आघात शेवटून तिसऱ्यावर जातो: थर्-मॉ-मि-टर, ऑक्-सि-मि-टर, स्पाय-रॉ-मि-टर, ग्लू-कॉ-मि-टर. रक्तदाबाच्या यंत्राचं नाव स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. ते उच्चारायची वेळ सहसा येत नाही, सगळे बीपीचं मशीनच म्हणतात. घरी आईशी बोलताना थर्मामीटरच म्हणा, असं मी मुद्दाम सांगितलं. तो मराठी शब्द झाला आहे आणि मराठीत तोच बरोबर आहे.

ठळक करण्यापेक्षा पुसट करणं अवघड

आघात म्हणजे जोर असं सांगितलं की आपण ओरडतो. पहिल्या सरावात सिस्टर ‘नॉस्’ इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. आवाज वाढला, पण शब्द सुधारला नाही, कारण उरलेली चार अक्षरं जशीच्या तशी पूर्ण होती. इंग्रजीतला आघात आवाजापेक्षा लांबीत आणि सुराच्या चढात असतो, आणि त्याहूनही जास्त शेजारच्या अक्षरांच्या पुसटपणात.

यासाठी आम्ही वहीतलं देवनागरी बदललं. पेन्सिलीनं लिहिलेल्या उच्चारांत प्रत्येक ‘ओ’चा पूर्ण ओकार होता. नियम असा केला की आघात नसलेल्या ‘ओ’, ‘ए’, ‘आ’ला खोडायचं आणि शक्य तिथे नुसता ‘अ’ ठेवायचा. इंग्रजीला जो दुबळा, धूसर स्वर हवा असतो तो आपल्या वर्णमालेतला पहिलाच स्वर आहे. ‘कमळ’ म्हणताना ‘क’मध्ये तो असतोच. पुष्कळ भाषकांना तो नव्यानं शिकावा लागतो, आपल्याला फक्त योग्य जागी वापरावा लागतो. ‘स्कोपी’चं ‘स्कपी’ केलं की अर्धं काम झालं.

मग शब्द शेवटून रचायचा. आधी ‘पी’. मग ‘कपी’. मग ‘नॉस्कपी’. मग ‘लनॉस्कपी’. सगळ्यात शेवटी ‘कॉलनॉस्कपी’. सुरुवातीपासून म्हटलं की श्वास आणि लक्ष दोन्ही पहिल्या तुकड्यावर खर्च होतात आणि शेवट ढेपाळतो. शेवटून रचलं की आघाताची जागा आधी पक्की होते आणि पुढची अक्षरं तिच्या मागे झटकन येऊन लागतात. ड्यूटीवर जाता-येताना एसटीत बसून त्या रोज काही शब्द असे रचत. नवी यादी मी दिली नाही. त्यांच्याच वॉर्डातल्या केसपेपरांवर जे शब्द येत तेच घेतले.

‘र’ मात्र आम्ही हलवला नाही. दक्षिण इंग्लंडात थर्मॉमिटरमधले दोन्ही ‘र’ ऐकू येत नाहीत, म्हणून काही शिकवण्यांत ते गिळायला शिकवतात. त्याची काही गरज नाही. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ‘र’ खणखणीत म्हणतात आणि सगळ्यांना कळतो. उलट एका जागी आपला ‘र’ जीव वाचवतो. रक्तातली साखर उतरली तर हायपोग्लायसीमिया, चढली तर हायपरग्लायसीमिया. दोन्ही शब्दांत आघात ‘सी’वर, म्हणजे सगळा प्रकाश त्या भागावर जिथे दोन्ही शब्द सारखे आहेत. फरक आहे तो पुसट अक्षरात, आणि ज्या इंग्रजीत ‘र’ गिळला जातो तिथे तो फरक ‘पो’ आणि ‘प’ एवढाच उरतो. फोनवर, गोंगाटात, हे धोक्याचं आहे. इथे नियम मोडायचा असतो. आघात मुद्दाम सुरुवातीकडे आणून हाय-पो असं लांबवायचं, आणि शेजारी आकडा सांगायचा. ब्रिटनच्या वॉर्डांत परिचारिका पुष्कळदा नुसतं ‘हायपो’ म्हणतात, आणि ते ऐकताक्षणी कळतं. सिस्टरना मी सांगितलं की हा एक शब्द कुणाशीही बोलताना आकड्याशिवाय उच्चारायचा नाही.

असंच एक जोडपं डिस्फेजिया आणि डिस्फेझियाचं. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलायला शब्द सापडत नाहीत. पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही असू शकतात आणि पहिल्यात तोंडानं पाणी दिलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. आघात दोन्हीत ‘फे’वर, फरक एका व्यंजनाचा. पहिल्यात ‘जेवण’मधला ज, दुसऱ्यात ‘जग’मधल्या ‘ज’च्या जवळचा, पण आणखी मऊ. मराठीत हे दोन ‘ज’ आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो, लिपीत मात्र एकच लिहितो. त्यामुळे शब्द लिहून शिकलेल्या सिस्टर दोन्ही सारखेच म्हणत होत्या, आणि ‘जेवण’-‘जग’ म्हणून दाखवल्याबरोबर वेगळे म्हणू लागल्या. तरीही इथे माझा आग्रह साध्या भाषेचा आहे: ‘गिळायला त्रास होतोय’ असं इंग्रजीत सरळ सांगावं.

ब्रिटन की अमेरिका हा प्रश्नही मध्ये आला. लॅबोरेटरी ब्रिटनमध्ये ल-बॉ-र-ट्री, आघात ‘बॉ’वर; अमेरिकेत लॅ-ब्र-टो-री, आघात ‘लॅ’वर. केशवाहिनीचा शब्द ब्रिटनमध्ये क-पि-ल-री, आघात ‘पि’वर; अमेरिकेत कॅ-पि-ले-री, आघात ‘कॅ’वर. सिस्टर यूट्यूबवर जे शिकवणारे ऐकत होत्या ते अमेरिकी होते आणि जायचं होतं ब्रिटनला. दोन्ही बरोबर आहेत आणि परीक्षेत दोन्ही चालतात. पण क्षणाक्षणाला बदलू नयेत, म्हणून आम्ही ब्रिटिश ठरवून टाकला आणि पुढे गेलो.

दुसऱ्यांदा तोच रुग्ण

काही आठवड्यांनी त्याच निवृत्त सिस्टर पुन्हा रुग्ण झाल्या आणि प्रसंग तोच ठेवला. आमच्या सिस्टरनी या वेळी आधी साध्या शब्दांत सांगितलं की लवचिक नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, त्यातून आतडं आतून पाहतात. मग म्हणाल्या, या तपासणीला आम्ही कॉलनॉस्कपी म्हणतो. समोरून ‘सॉरी?’ आलं नाही. रुग्णानं लगेच विचारलं, दुखतं का? आणि संभाषण त्या भीतीकडे वळलं, जिथे ते पहिल्यापासून जायला हवं होतं. पुढे ‘पॉलिप’ आणि ‘बायोप्सी’ हे शब्दही विनासायास गेले. एके ठिकाणी घाईत ‘डायबेटिक’चा आघात पहिल्यावर गेला, पण ऐकणारीला अर्थ लागला.

परीक्षेत संभाषणात ३५० मिळाले. हे सगळं आघाताचं श्रेय आहे असं मी म्हणणार नाही. शब्द कळतो आहे हा भरवसा आल्यावर त्यांचं बोलणं सैल झालं, रुग्णाचं ऐकून घेणं वाढलं, वाक्यं छोटी झाली. यातलं कशामुळे किती गुण वाढले ते वेगळं काढता येत नाही. व्याकरणाचे तक्ते मात्र त्यांनी मध्येच सोडून दिले होते, आणि व्याकरणाच्या जुन्या चुका बऱ्याचशा तशाच होत्या.

आता काम चाललंय औषधांच्या नावांवर. इथे वॉर्डात आपण औषध ब्रँडच्या नावानं ओळखतो. क्रोसिन दे म्हटलं की कळतं. तिकडे मूळ औषधी नाव वापरतात, म्हणजे पुन्हा लांब शब्द, आणि त्यांत चूक झाली तर भलतीच गोळी. सुदैवानं इथेही शेपटं आहेत. सिलिनवाल्या सगळ्यांत आघात ‘सि’वर: पे-नि-सि-लिन, अ-मॉक्-सि-सि-लिन, फ्लू-क्लॉक्-स-सि-लिन. मायसिनवाल्यांत ‘माय’वर: व्हॅन्-क-माय-सिन, इ-रिथ्-र-माय-सिन. ओलॉल आणि प्रिल शेवटून तिसऱ्यावर: अ-टे-न-लॉल, लाय-सि-न-प्रिल. मेटफॉर्मिनमध्ये ‘फॉर्’ गुरू म्हणून मेट्-फॉर्-मिन. वॉर्फरिन आणि हेपरिनमध्ये मधलं अक्षर लघू म्हणून वॉर्-फ-रिन, हे-प-रिन. ही शेवटची जोडी सिस्टरनी स्वतः लगक्रम लावून काढली, मी सांगण्याआधी. पॅरासिटामॉल अजून त्यांच्या तोंडी ‘पॅरा’वरच सुरू होतं. ते पॅ-र-सी-ट-मॉल आहे हे त्यांना माहीत आहे, पण दिवसातून इतक्या वेळा जुन्या पद्धतीनं म्हणावं लागतं की जीभ ऐकत नाही. त्या आता केसपेपरवर ते नाव आलं की ‘सी’खाली पेन्सिलीनं रेघ मारतात.